‘टेलिस्कोपिक’ म्हणजे काय ?

गेल्या महिन्यांत आमच्या एका सभासद बंधूंचें पत्र आलें. त्यांनीं या हंगामांत रोटाव्हेटर विकत घेतला. त्याबरोबर मिळालेल्या माहितीपत्रकांत ‘टेलिस्कोपिक शाफ्ट’ असे शब्द छापलेले आहेत. पुढें थोड्याच दिवसांनीं ते कांद्याच्या रवानगीची चौकशी करण्यासाठीं रेल्वेच्या मालधक्क्यावर गेले असतां तेथेंही ‘दर टेलिस्कोपिक आहेत’ एवढेंच उत्तर त्यांस मिळालें. टेलिस्कोप म्हणजे दुर्बीण हें शाळेंत शिकल्याचें त्यांस आठवतें. परंतु दुर्बिणीचा शाफ्टाशीं काय संबंध आणि भाड्याशीं काय संबंध, असें ते विचारतात. शिवाय त्यांच्या ट्रॅक्टरला हा शाफ्ट अंमळ लांब होतो, तो गांवच्या लोहाराकडून कापून घ्यावा काय, अशीही पृच्छा त्यांनीं शेवटीं केली आहे.

प्रश्न दिसण्यांत शब्दाचा आहे. पण त्याच्या मध्यभागीं पैसा आहे आणि अखेरीस माणसाचा हातपाय आहे. म्हणून दोन ओळींचें उत्तर न देतां थोडें विस्तारानें लिहीत आहों.

प्रथम मूळ शब्द पाहूं. इ. स. १६०८ सालीं हॉलंडांतील हान्स लिपरशे नांवाच्या चष्मे करणाऱ्या कारागिरानें दूरचें जवळ दाखविणाऱ्या नळीचा एकाधिकार सरकारकडे मागितला. ही युक्ति इतरांसही ठाऊक आहे या कारणानें तो त्यास मिळाला नाहीं. पुढच्याच वर्षीं इटलींत गॅलिलिओनें स्वतः भिंगें घासून सुमारें वीसपट मोठें दाखविणारी नळी तयार केली व ती आकाशाकडे वळविली. १६११ च्या एप्रिल महिन्यांत रोम शहरीं त्याच्या सन्मानार्थ एक मेजवानी झाली; त्या प्रसंगीं देमिसियानी नांवाच्या ग्रीक गणितज्ञानें या नळीस ‘टेलिस्कोप’ हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणें. आपला ‘दुर्बीण’ हा शब्द फारसींतून आला. त्यांतही ‘दूर’ म्हणजे दूरच आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. नांव ठेवतांना दोन्ही भाषांनीं डोळा लक्षांत घेतला, नळी नव्हे.

मराठींत हा शब्द पुढें गेला तोही डोळ्याच्याच वाटेनें. बांधबंदिस्तीच्या कामावर जमिनीची पातळी घेण्यासाठीं तिपाईवर जें यंत्र मांडतात, त्यास खेड्यांतील लोक दुर्बीणच म्हणतात, व तें योग्यच आहे. कारण त्या यंत्रांत खरोखरीच एक लहानशी दुर्बीण बसविलेली असते. अलीकडे तर इस्पितळांतील मंडळी ‘दुर्बिणीतून शस्त्रक्रिया’ असें बोलूं लागलीं आहेत. तेथें दूरचें कांहींच पाहावयाचें नसतें. पाहावयाचें असतें तें आपलेंच पोट. तरीही नळींतून पाहणें एवढ्या साम्यावर शब्द चालला, आणि आतां कोणास तो खटकतही नाहीं.

इंग्रजींत मात्र या शब्दास दुसरा एक फांटा फुटला, आणि आमच्या पत्रलेखकांस अडविलें तें त्यानेंच. खलाशी व लष्करी अंमलदार यांस लांब दुर्बीण बाळगणें अडचणीचें होई. म्हणून कारागिरांनीं ती दोन, तीन, चार नळ्यांची केली. प्रत्येक नळी आपल्याहून किंचित् जाड अशा नळीच्या पोटांत शिरते. ओढली कीं हातभर लांब, दाबली कीं खिशांत मावेल एवढी. या नळींत नळी शिरण्यावरून इंग्रज लोकांनीं एक क्रियापदच बनविलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाड्यांच्या टकरींत लांकडी डबे एकमेकांच्या पोटांत घुसूं लागले, तेव्हां वर्तमानपत्रें हे डबे ‘टेलिस्कोप’ झाले असें लिहूं लागलीं. पुढें दोन शब्द एकमेकांत घुसवून केलेल्या जोडशब्दासही तेंच विशेषण लागलें. गणितांत ज्या बेरजेंतील मधलीं सर्व पदें एकमेकांस खाऊन टाकतात व पहिलें आणि शेवटचें तेवढें उरतें, तिलाही हेंच नांव आहे. ज्यांच्या घरीं नीट खतावणी लिहिली जाते त्यांस ही बेरीज नवी नाहीं : प्रत्येक महिन्याची अखेरची शिल्लक ही पुढच्या महिन्याची आरंभींची शिल्लक असते, म्हणून वर्षाची वाढघट काढतांना चैत्रांतील आरंभ आणि फाल्गुनांतील अखेर एवढेच दोन आंकडे पुरतात.

तेव्हां शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें तें हें कीं, यंत्राच्या, दराच्या किंवा किडीच्या संबंधांत ‘टेलिस्कोपिक’ हा शब्द आला तर तेथें पाहण्याचा कांहीं संबंध नाहीं. नळींत नळी एवढेंच मनांत आणावें. मात्र या नळींत नळीचे गुण तीन आहेत. एक, ती पोटांत मावते. दुसरा, ती लांबते व आंखडते. तिसरा, पुढची नळी मागचीहून बारीक होत जाते. कोणत्या ठिकाणीं कोणत्या गुणावरून नांव पडलें हें ओळखलें म्हणजे अर्थ आपोआप उलगडतो.

तिसऱ्या गुणाचें सोपें उदाहरण पाण्याच्या नळांचें. ठिबक सिंचनाच्या उपनळींतून पाणी पुढें जातें तसतसें तें वाटेंतील लॅटरलमध्यें वांटलें जातें व शेवटाकडे थोडेंच उरतें. म्हणून आरंभीं ७५ मिलीमीटर, मध्यें ६३ व शेवटीं ५० मिलीमीटर अशी नळी टाकली तरी काम भागतें आणि खर्च वांचतो. यास टेलिस्कोपिक आंखणी म्हणतात. जो विक्रेता शेवटपर्यंत एकाच जाडीची नळी सुचवितो त्यास कारण विचारावें. पुष्कळदां कारण सोय हेंच असतें, आणि सोय त्याची असते. याच्या उलट चूक मात्र अधिक महाग पडते : पुढें क्षेत्र वाढवावयाचें मनांत असेल तर टोंकाकडील नळी आजच बारीक करूं नये. खोल विंधन विहिरींतही, वरचा थर ढासळता असेल तर, वर रुंद व खालीं अरुंद असे लोखंडी नळ टप्प्याटप्प्यानें उतरवितात. तेंही याच जातीचें काम.

आतां भाड्याकडे वळूं. रेल्वेनें माल धाडतांना खर्च दोन प्रकारचा होतो. माल चढविणें, उतरविणें, वाघिणी जोडणें व तोडणें, पावत्या लिहिणें हा खर्च माल पन्नास किलोमीटर जावो कीं हजार किलोमीटर, सारखाच होतो. वाटेचा खर्च तेवढा अंतराबरोबर वाढतो. म्हणून अंतर वाढेल तसा दर किलोमीटरामागील आकार उतरत जावा, हें न्याय्य आहे. पहिल्या टप्प्याचा दर जाड, दुसऱ्याचा त्याहून बारीक, तिसऱ्याचा आणखी बारीक; दुर्बीण ओढून लांब केली असतां जशी दिसते तसाच हा दरांचा तक्ता दिसतो. यावरून ‘टेलिस्कोपिक दर’ हें नांव पडलें.

एक उदाहरण घेऊं. आंकडे केवळ समजुतीकरितां घेतले आहेत, ते प्रत्यक्ष दर समजूं नयेत. पहिल्या १०० किलोमीटरांस क्विंटलमागें किलोमीटरीं १० पैसे, पुढील २०० किलोमीटरांस ८ पैसे, व त्यापुढें ६ पैसे असा दर आहे असें धरा. ५०० किलोमीटरांवर माल धाडला तर पहिल्या टप्प्याचे १० रुपये, दुसऱ्याचे १६ व उरलेल्या २०० किलोमीटरांचे १२, मिळून क्विंटलास ३८ रुपये होतात. आतां तोच माल कोणी २५० किलोमीटरांवरील जंक्शनापर्यंत धाडला व तेथून नवी पावती करून पुढें धाडला, तर काय होईल ? पहिल्या तुकड्यास १० व १२ मिळून २२ रुपये, दुसऱ्या तुकड्यास पुन्हां पहिल्यापासून मोजणी सुरू होऊन २२ रुपये, एकूण ४४. अंतर तेंच, माल तोच, गाडी कदाचित् तीच, आणि क्विंटलास ६ रुपये अधिक. शंभर क्विंटल कांद्यावर ६०० रुपये केवळ मध्यें पावती तोडल्यामुळें गेले. जंक्शनावर दुसऱ्यांदा झालेली चढउतार व हमाली निराळीच.

हें मध्यें तोडणें शेतकऱ्याच्या हातून अनेक प्रकारें घडतें. कधीं अडत्या सांगतो कीं अमुक ठिकाणापर्यंत धाडा, पुढचें मी पाहतों. कधीं शेवटचें स्थानक कोणतें याचीच नीट चौकशी झालेली नसते. तेव्हां ठरलेल्या बाजारपेठेच्या स्थानकापर्यंत एकच थेट पावती करावी, आणि दर विचारतांना ‘किलोमीटरास किती’ असें न विचारतां ‘अमुक स्थानकापर्यंत क्विंटलास एकंदर किती’ असें विचारावें. आमच्या वडील पिढीस तर हा प्रश्न फारच जाचत असे, कारण त्या काळीं रेल्वे कंपन्या निरनिराळ्या होत्या, आणि माल एकीच्या हद्दींतून दुसरीच्या हद्दींत गेला कीं अंतराची मोजणी नव्यानें सुरू होई. १९४८ सालीं मालाच्या दरांची पुनर्घटना झाली व सर्व रेल्वेंवरील अंतर सलग धरून उतरते दर आकारण्याची पद्धति आली. दूरच्या बाजारास तोंड देण्याची शक्ति महाराष्ट्रांतील फळबागांस व कांद्यास आली, तिच्या कारणांत हेंही एक धरावें लागेल.

दूर पल्ल्याचें महत्त्व अलीकडे पुन्हां दिसून आलें. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून बिहारांतील दानापुरास पहिली किसान रेल्वे निघाली. २८ डिसेंबर २०२० रोजीं सांगोल्याहून बंगालमधील शालिमारास गेलेली गाडी ही त्या मालिकेंतील शंभरावी होती. सांगोला ते शालिमार हें अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. त्या वेळीं फळें व भाजीपाला यांच्या भाड्यांत निम्मी सूट मिळत असे आणि थोडाथोडा मालही घेतला जाई. अशी सूट सदैव राहते असें नाहीं. पण लांबच्या पल्ल्याचा उतरता दर हा सवलतीचा नसून हिशेबाचा भाग आहे, हा भेद ओळखून असावें.

विजेच्या बिलांत हाच शब्द उलट दिशेनें येतो. तेथें वापर वाढेल तसा युनिटाचा दर उतरत नाहीं, चढतो. तरी बिल ‘टेलिस्कोपिक’ असेल तर प्रत्येक टप्प्यांतील युनिटांस त्या त्या टप्प्याचाच दर लागतो. ‘नॉन-टेलिस्कोपिक’ असेल तर वापर ज्या टप्प्यांत पडला त्या टप्प्याचा दर पहिल्या युनिटापासून सर्वांस लागतो. पहिल्या १०० युनिटांस ४ रुपये व पुढें ८ रुपये असें धरलें, तर १०१ युनिटांचें बिल पहिल्या रीतीनें ४०८ रुपये होतें, दुसरीनें ८०८ रुपये. एका युनिटानें ४०८ रुपये वाढले ! केरळांत घरगुती ग्राहकांस महिना २५० युनिटांपर्यंत पहिली रीति व त्यापुढें दुसरी, अशी व्यवस्था केलेली आहे. कोणताही टप्प्याटप्प्याचा दर हातीं आला, मग तो विजेचा असो, पाण्याचा असो कीं गोदामाच्या भाड्याचा असो, तो टप्प्यापुरता आहे कीं सबंध मालास आहे, एवढें लेखी विचारून घ्यावें.

आतां पहिला गुण, पोटांत मावण्याचा. याचें एक सुंदर उदाहरण प्रत्येक गहू करणाऱ्याच्या शेतांत उभें असतें. गव्हाचें रोप वीतभर असतें तेव्हां त्याचें खोड जमिनीलगत दडलेलें असतें. सर्व पेरीं एकमेकांवर चपटीं बसलेलीं असतात, आणि ओंबीचा अंकुर तेथेंच, पानांच्या गाभ्यांत, तयार होत असतो. पुढें खालचें पेर लांबतें, मग त्यावरचें, मग त्याहून वरचें, आणि ओंबी हळूहळू वर ढकलली जाऊन पोटरींतून बाहेर पडते. दुर्बीण उघडावी तसेंच हें आहे, व वनस्पतिशास्त्रज्ञ तीच उपमा देतात. यांतून घ्यावयाची गोष्ट अशी कीं, ओंबी डोळ्यांस दिसते त्याच्या पुष्कळ आधींच तिच्यावर दाण्यांच्या किती जागा असाव्यात हें ठरून गेलेलें असतें. ओंबी बाहेर पडल्यावर घातलेला युरिया त्या जागा वाढवूं शकत नाहीं. नत्राचा वरखताचा हप्ता पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास, पहिल्या पाण्याच्या वेळीं द्या, असें सांगतात तें यासाठींच.

परंतु पोटांत मावण्याचा हा गुण निसर्गानें आपल्या शत्रूंसही दिला आहे. मावा ही कीड कोणास ठाऊक नाहीं ? करडई, ज्वारी, कापूस, भाजीपाला, सर्वांवर ती येते. काल चार पानांवर होता, आज सबंध शेत चिकट झालें, अशी तक्रार दरवर्षीं ऐकूं येते, आणि कित्येकजण त्याचा दोष आभाळास देतात. ढगाळ हवेनें माव्यास मदत होते हें खरें. पण त्याच्या वाढीचें मुख्य रहस्य त्याच्या पोटांत आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडांतील लेव्हेनहुक यानें आपल्या भिंगाखालीं मावा फाडून पाहिला, तेव्हां त्यास अंड्यांऐवजीं पूर्ण वाढलेलीं पिलें आढळलीं. पुढें १७४० सालीं जिनीव्हाच्या चार्ल्स बोने या वीस वर्षांच्या तरुणानें नुकतेंच जन्मलेलें माव्याचें एक पिलूं फांदीसह कांचेखालीं एकटें ठेवलें व महिनाभर त्यावर पहारा केला. नराचा स्पर्श न होतां त्या एका मादीस ९५ पिलें झालीं. इतकेंच नव्हे. मादी जन्मास येते तेव्हांच तिच्या पोटांत तिचीं पिलें वाढूं लागलेलीं असतात. म्हणजे आजीच्या पोटांत आई, आणि आईच्या पोटांत नात, अशा तीन पिढ्या एका देहांत एकाच वेळीं नांदतात. शास्त्रज्ञ यास पिढ्यांचें ‘टेलिस्कोपिंग’ म्हणतात. नळींत नळी ही उपमा इतकी चपखल दुसरीकडे क्वचितच बसली असेल.

याचा परिणाम असा कीं, इतर किडींस अंडें, अळी, कोष, पतंग असे जे टप्पे ओलांडावे लागतात, त्यांचा वेळ मावा वांचवितो. अनुकूल हवेंत नवें पिलूं आठ-दहा दिवसांतच स्वतः विऊं लागतें. एकीस ४० पिलें धरलीं तर तिसऱ्या पिढीस ६४,००० होतात. प्रत्यक्षांत ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या यांतील पुष्कळ खाऊन टाकतात. म्हणूनच तर आपण पीक घेऊं शकतों. फवारणी करणाऱ्यानें हें विसरूं नये. पानाच्या खालच्या बाजूस औषध न पोंचल्यामुळें दहा माद्या वांचल्या, आणि त्याच फवाऱ्यानें ढालकिडे मात्र मेले, तर पंधरवड्यांत शेत पूर्वीहून वाईट होतें. त्या दहांजणींस नर शोधावा लागत नाहीं, आणि पुढच्या दोन पिढ्या त्यांच्या पोटांत तयारच असतात.

म्हणून माव्याची गांठ आरंभींच घ्यावी. करडईवर तो बहुधा प्रथम बांधाकडच्या ओळींत दिसतो. तेवढ्याच पट्ट्यावर वेळींच उपाय केला तर सबंध शेतास औषधाची गरज पडत नाहीं. पेरणीस उशीर झालेल्या करडईवर तो अधिक येतो. आरंभीं पांच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यास ५ किलो निंबोळीच्या चुऱ्याचा अर्क, पुरे होतो. आणखी एक खूण आहे. पानावर गर्दी झाली कीं माद्यांस पंखवाल्या मुली होऊं लागतात. शेतांत पंखवाला मावा पुष्कळ दिसूं लागला म्हणजे शेजाऱ्याच्या शेतास निरोप जाऊन पोंचला असें समजावें.

या कामांत सहकार्यानें काय होतें तें उसाच्या लोकरी माव्यानें दाखविलें. २००२ सालीं तो सांगली जिल्ह्यांत दिसला आणि पाहतां पाहतां पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकांतील उसावर पसरला. तोही याच रीतीनें वाढणारा. औषधें फवारूनही, दाट उसांत माणूस शिरूं शकत नसल्यामुळें, त्यास आळा बसेना. अखेरीस कामास आले ते डिफा व मायक्रोमस हे त्याचे भक्षक कीटक. ज्या शेतांत ते वाढले होते तेथून पानांसह नेऊन दुसऱ्या शेतांत सोडण्याचें काम कारखान्यांनीं व शेतकऱ्यांनीं मिळून केलें. आणि कीड लागलेलें वाढें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेऊं नये, हा साधा नियम ज्यांनीं पाळला नाहीं त्यांनीं आपल्या बैलांबरोबर शेजाऱ्याच्या उसाचीही वैरण केली, असें म्हणावें लागतें.

शेवटीं दुसरा गुण, लांबण्या-आंखडण्याचा. आणि त्याबरोबर पत्रलेखकांचा शाफ्ट. ट्रॉली उलथविणारा हायड्रॉलिक जॅक हा याच जातीचा. एकांत एक बसलेले नळगोळे तेलाच्या दाबानें बाहेर सरकतात. त्याविषयीं एवढेंच कीं, उचललेल्या ट्रॉलीखालीं भक्कम टेंकू दिल्याशिवाय कोणीही शिरूं नये, आणि ट्रॉली उचलण्यापूर्वीं वर विजेच्या तारा नाहींत ना हें पाहावें.

ट्रॅक्टरची शक्ति रोटाव्हेटरास पोंचविणारा पी. टी. ओ. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. आंतला तुकडा बाहेरच्यांत सरकतो. असें सरकणें अवश्य आहे, कारण अवजार लिफ्टनें वरखालीं होतें व खांचखळग्यांत हिंदकळतें, तेव्हां ट्रॅक्टर व अवजार यांमधील अंतर क्षणोक्षणीं बदलतें. शाफ्ट फार लांब असेल तर आंखडतांना आंतला तुकडा बुडाशीं आदळतो आणि त्याचा धक्का दोन्हींकडील बेअरिंगांस व गिअरपेटीस बसतो. फार आंखूड असेल तर लांबतांना दोन तुकडे सुटतात. सुटलेला तुकडा मिनिटास ५४० फेऱ्यांनीं, म्हणजे सेकंदास नऊ वेळां, गरगरत असतो. त्याच्या आवांक्यांत उभा असलेला मनुष्य वांचला तर नशीबच म्हणावयाचें.

तेव्हां कापावा काय, याचें उत्तर : खरोखर लांब असेल तर कापावा, पण अंदाजानें नव्हे. इंजिन बंद करून, चावी काढून घेऊन, अवजार ट्रॅक्टरला जोडावें. शाफ्टाचे दोन्ही तुकडे वेगळे करून एक ट्रॅक्टरला व एक अवजारास लावावा व ते शेजारीं शेजारीं धरावेत. लिफ्ट वरखालीं करून दोन्हींमधील अंतर सर्वांत कमी कोठें होतें तें शोधावें. लिफ्ट हलवितांना कोणीही मध्यें उभें राहूं नये. त्या सर्वांत आंखूड स्थितींतही आंतल्या नळीचें टोंक बुडापासून दोन-तीन सेंटीमीटर दूर राहिलें पाहिजे, आणि सर्वांत लांब स्थितींत दोन नळ्या निदान एक तृतीयांश लांबीइतक्या एकमेकींत राहिल्या पाहिजेत. जेवढा भाग आंतल्या नळीचा कापावयाचा तेवढाच बाहेरच्या नळीचा, व तेवढाच वरील प्लॅस्टिकच्या आवरणाच्या दोन्ही नळ्यांचा कापावा. कापल्यावर कडा कानशीनें घासून, नळी स्वच्छ पुसून वंगण द्यावें. जोडतांना दोन्ही तुकड्यांचे आंतले कांटे एकाच रेषेंत यावेत. तसे न आल्यास शाफ्ट थरथरतो व क्रॉस लवकर झिजतो. वेल्डिंगनें नळी जोडून लांब करण्याच्या भानगडींत मात्र कोणी पडूं नये. आंखूड झालेला शाफ्ट बदलावाच.

आतां त्या आवरणाविषयीं. पुष्कळ ठिकाणीं तें मोडलेलें किंवा काढून ठेवलेलें आम्ही पाहतों, कारण ग्रीस देतांना तें आड येतें. आमच्या माहितींतील एका गांवीं मळणीच्या वेळीं एका तरुणाच्या खांद्यावरील उपरणें असल्याच उघड्या शाफ्टांत गुंतलें. त्याचा उजवा हात कोपराखालीं गेला. सात सेंटीमीटर जाडीचा शाफ्ट एका फेरींत सुमारें २२ सेंटीमीटर कापड गुंडाळतो. सेकंदास नऊ फेऱ्या धरल्या तर दोन मीटर. धोतर, लुगड्याचा पदर किंवा उपरणें सोडविण्यास माणसास जेवढा वेळ लागतो त्याच्या आंत सर्व कापड संपून अंगावर येतें. आवरण शाफ्टाबरोबर फिरूं नये म्हणून त्यास बारीक सांखळी असते. ती अवजाराच्या व ट्रॅक्टरच्या स्थिर भागास अडकवावी. नवीन आवरणाची किंमत एका फवारणीच्या औषधाहून फारशी अधिक नसते.

पत्रलेखकांनीं माप घेऊन कळविल्यास किती कापावें हें पुढील अंकीं लिहूं. तोंपर्यंत रोटाव्हेटर जोडूं नये.